तुलना कुणाशी?

घाटावरचा दहावा उरकला, कावळा शिवला, आणि माणसं पारावर चहाला टेकली. गेलेला माझ्या चुलतबहिणीचा धाकटा दीर, वय एकोणचाळीस. पहाटे धार काढायला गोठ्यात गेला आणि तिथंच कोसळला. २०२५ चा जुलै होता. कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात तरुण माणसं हृदयविकारानं जाताहेत अशा बातम्या रोज येत होत्या. तिथल्या मुख्यमंत्र्यांनी कोविड लशींना घाईनं मिळालेल्या मंजुरीकडे बोट दाखवलं होतं, आणि २ जुलैला केंद्र सरकारनं आयसीएमआर (म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि एम्सच्या अभ्यासांचा हवाला देऊन संबंध नसल्याचा खुलासा केला होता. पारावर विषय निघणार हे ठरलेलंच होतं.

"लशीनंच गेला, दुसरं काय?" एक काका म्हणाले. पुण्याहून आलेल्या भाच्याला राहवलं नाही. "काका, आयसीएमआरनं सांगितलंय संबंध नाही म्हणून." "आयसीएमआर कुणाची? सरकारची. लस दिली कुणी? सरकारनं." "मग तुमचं ते व्हॉट्सॲपवरचं खरं का?" काकांनी चष्मा कपाळावर सरकवून मोबाईलमधली पीडीएफ त्याच्यापुढे धरली. "व्हॉट्सॲपवरचं नाही बाबा. बनारस हिंदू विद्यापीठाचं आहे. इंग्रजी जर्नलमध्ये छापलंय." भाचा गप्प झाला. मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं. "सर, तुम्हीच सांगा."

मी बावीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे असले निवाडे लग्नात आणि मयतीत माझ्या वाट्याला येतात. त्या दिवशी 'आज नको हा विषय' म्हणून मी वेळ मारून नेली. पण परतताना एसटीत डोक्यात तेच घोळत राहिलं, कारण दोघंही लेटरहेडवर भांडत होते. एकाच्या हातात सरकारचं लेटरहेड, दुसऱ्याच्या हातात विद्यापीठाचं. आत काय लिहिलंय हे दोघांनीही वाचलेलं नव्हतं. टीव्हीवरच्या चर्चाही तशाच चालतात: एक म्हणतो 'विज्ञानावर विश्वास ठेवा', दुसरा म्हणतो 'विज्ञान विकलं गेलंय', आणि दोघांच्या बोलण्यात विज्ञान म्हणजे कुणीतरी मोठा माणूस असतो, ज्याच्या पाया तरी पडायचं नाहीतर ज्याला शिव्या तरी घालायच्या.

माझं म्हणणं साधं आहे. लशीबद्दलचा कुठलाही निबंध, खुलासा किंवा बातमी हातात आली की 'कोण म्हणतंय?' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: तुलना कुणाशी केली आहे? याचं उत्तर ज्यात सापडत नाही तो कागद लशीच्या बाजूचा असो की विरोधातला, त्यावर निकाल देता येत नाही.

घरी आल्यावर काकांची पीडीएफ पूर्ण वाचली. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांचा बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला वर्षभराचा पाठपुरावा, मे २०२४ मध्ये 'ड्रग सेफ्टी' या नियतकालिकात आलेला. ६३५ किशोरवयीन मुलं आणि २९१ प्रौढ, मिळून ९२६ जण. लस घेतल्यानंतर वर्षभरानं त्यांना फोन करून विचारलं, या काळात काय काय झालं? मुलांपैकी ४७.९ टक्क्यांनी आणि प्रौढांपैकी ४२.६ टक्क्यांनी सर्दी-खोकल्याच्या जातीचा विषाणूसंसर्ग झाल्याचं सांगितलं. बातम्यांत याचं काय झालं? 'कोव्हॅक्सिन घेतलेल्या जवळपास निम्म्या लोकांना श्वसनमार्गाचा संसर्ग!' वाचून पोटात गोळाच यावा.

आता जरा थांबून स्वतःच्या घरात बघा. शाळेत जाणारी दोन मुलं असतील तर वर्षभरात त्यातल्या एकाला तरी सर्दी-खोकला होणार नाही, अशी पैज कुणी लावेल का? निम्म्या मुलांना वर्षात एकदा सर्दी झाली ही बातमी नाही, ते पावसाळ्याचं वर्णन आहे. ती बातमी केव्हा झाली असती? लस न घेतलेली, त्याच वयाची, त्याच शहरातली तेवढीच मुलं शोधून त्यांनाही तसेच फोन केले असते, आणि त्यांच्यातलं प्रमाण पंधरा-वीस टक्के निघालं असतं, तेव्हा. त्या निबंधात असा दुसरा गटच नव्हता. आयसीएमआरनं जो आक्षेप घेतला त्यात नेमकी हीच गोष्ट पुढे होती: तुलनेला गट नाही, एरवी लोकसंख्येत हे आजार किती असतात याचा आकडा नाही, आणि वर्षभरानं फोनवर आठवून सांगितलेली माहिती. हा आक्षेप बरोबर होता. तो आयसीएमआरच्या लेटरहेडवर होता म्हणून बरोबर नव्हता. पारावरच्या काकांनी घेतला असता तरी तितकाच बरोबर ठरला असता.

'गेला त्यानं लस घेतली होती' या वाक्यातही तीच गफलत आहे. देशात २२० कोटींहून जास्त डोस दिले गेले, प्रौढांपैकी दहातल्या नऊहून अधिक जणांनी निदान एक तरी घेतला. म्हणजे आज गावात कुणीही, कशानंही गेलं, अगदी आंब्याच्या झाडावरून पडून, तरी त्यानं लस घेतलेली असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर. मी वर्गात मुलांना विचारायचो, "अपघातात सापडलेल्या शंभरपैकी सत्त्याण्णव जणांनी त्या आठवड्यात चहा प्यायला होता, मग चहा धोक्याचा का?" मुलं हसायची. मयताच्या घरी मात्र हसू येत नाही, आणि म्हणूनच तिथं ही गफलत टिकून राहते.

जगातल्या सगळ्यात महागात पडलेल्या लस-निबंधाची कथाही हीच आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस, मग आतड्याचे विकार, मग स्वमग्नतेची (ऑटिझमची) लक्षणं, असा धागा त्यात सुचवला होता. मुलं किती? बारा. तुलनेचा गट? नाही. लेटरहेड म्हणाल तर याहून मोठं मिळणं कठीण: लॅन्सेट, लंडनचं नावाजलेलं रुग्णालय, तेरा लेखक. 'कोण म्हणतंय' ही एकच कसोटी लावणारा माणूस १९९८ मध्ये हमखास फसला असता, आणि हजारो आईबाप फसलेच. 'तुलना कुणाशी' असं विचारणारा पहिल्याच पानावर थांबला असता. पुढे डेन्मार्कनं ती तुलना केली. २००२ मध्ये आलेल्या अभ्यासात ५,३७,३०३ मुलं होती. त्यातली ४,४०,६५५ लस घेतलेली, उरलेली न घेतलेली. स्वमग्नतेचं प्रमाण लस घेतलेल्यांत जास्त निघालं नाही. लॅन्सेटनं मूळ निबंध मागे घेतला तो २०१० मध्ये, तब्बल बारा वर्षांनी. मुलामागे एक वर्ष.

इथवर वाचून पुण्याचा भाचा खूश झाला असेल. त्यानं जरा थांबावं, कारण हा प्रश्न त्याच्या बाजूलाही विचारायचा आहे.

३ जानेवारी २०२१ ला देशाच्या औषध महानियंत्रकांनी दोन लशींना आणीबाणीच्या वापराची परवानगी दिली आणि पत्रकारांना सांगितलं की लशी ११० टक्के सुरक्षित आहेत. शंभराच्या वरचे हे दहा टक्के कुठून आले हे मला आजवर उमगलेलं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलानं पेपरात असं लिहिलं असतं तर मी लाल शाईनं गोल केला असता. गंभीर भाग पुढे आहे. त्या दिवशी कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा परिणामकारकतेचा एकही आकडा हातात नव्हता. लस घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना अजून चालू होती. ७७.८ टक्के हा आकडा लॅन्सेटमध्ये छापून आला नोव्हेंबर २०२१ मध्ये. लस चांगली निघाली, पण ती चांगली आहे असं जानेवारीत छातीठोक सांगणाऱ्याकडे तसं सांगण्याचा आधार नव्हता. ज्यांनी तेव्हा 'आकडे कुठे आहेत?' असं विचारलं त्यांना देशद्रोही ठरवण्यापर्यंत मजल गेली. आणि मग त्याच लोकांनी पुढे खरा आकडा आल्यावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा. कसा ठेवतील?

बनारसच्या निबंधाचं पुढे जे झालं तेही मला बोचतं. निबंध कच्चा होता हे वर म्हटलंच. कच्च्या निबंधाला उत्तर काय? नियतकालिकाला पत्र, जाहीर टीका, किंवा सगळ्यात उत्तम म्हणजे तुलनेच्या गटासह तोच अभ्यास पुन्हा करणं. लस बनवणाऱ्या कंपनीनं हैदराबादच्या दिवाणी न्यायालयात लेखक आणि नियतकालिकावर मानहानीचा दावा लावला. सप्टेंबर २०२४ मध्ये नियतकालिकानं निबंध मागे घेतला. आता काकांना मी कितीही समजावलं, तरी ते एकच म्हणणार: "खोटं होतं तर कोर्टात कशाला गेले?" या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. चुकीचा निबंध युक्तिवादानं पाडला तर तो पडतो; दावा लावून पाडला तर तो हुतात्मा होतो आणि पीडीएफ होऊन गावोगाव फिरतो.

मग भाच्याच्या हातातला आयसीएमआरचा अभ्यास? तुलना कुणाशी? इथं उत्तर मिळतं. १९ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतली ४७ रुग्णालयं. १८ ते ४५ वयाचे, वरकरणी धडधाकट असताना ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ दरम्यान अचानक गेलेले ७२९ जण. प्रत्येक मृतामागे त्याच वयाची, त्याच लिंगाची, त्याच परिसरातली चार जिवंत माणसं, म्हणजे २,९१६. मग दोन्हीकडे विचारलं: लस घेतली होती का? कोविडसाठी रुग्णालयात दाखल झाला होता का? घरात असा अचानक मृत्यू आधी झाला होता का? शेवटच्या ४८ तासांत बेसुमार दारू, अचानक जोराचे श्रम? यातल्या लशीखेरीजच्या साऱ्या गोष्टी मृतांच्या बाजूला जास्त निघाल्या. लशीचं उलट: दोन डोस घेतलेल्यांत अचानक मृत्यूची शक्यता जवळजवळ निम्मी.

पण म्हणून भाच्यानं 'लस घेतल्यानं हार्ट अटॅक टळतो' असं म्हणू नये. अंथरुणाला खिळलेला, सतत दमलेला, व्यसनानं पोखरलेला माणूस लशीच्या रांगेत उभा राहायला जात नाही. जो जातो तो मुळातच थोडा बरा असतो. हा फरक त्या 'निम्म्या'मध्ये काही प्रमाणात मिसळलेला असणार. शिवाय मृतांची माहिती नातेवाइकांनी आठवून सांगितलेली. या अभ्यासातून नीट एवढंच म्हणता येतं की लशीमुळे अचानक मृत्यू वाढल्याची खूण शोधूनही सापडली नाही. पारावरच्या वादाला तेवढं पुरेसं आहे, जास्त ताणायची गरज नाही.

"पण आयसीएमआरला कोव्हॅक्सिनच्या विक्रीवर रॉयल्टी मिळत होती ना?" होय. पाच टक्के. कंपनीबरोबर लस विकसित करणारी, त्यातून उत्पन्न मिळवणारी संस्थाच त्या लशीच्या सुरक्षिततेबद्दल ग्वाही देते हे कुणालाही खटकावं. विरोधकांचा हा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. कंपन्या लपवतात हेही खरं. सांधेदुखीच्या व्हायॉक्स या औषधाच्या २००० सालच्या चाचणीत हृदयविकाराचे झटके जास्त दिसले, तेव्हा कंपनीनं सांगितलं की ज्या दुसऱ्या औषधाशी तुलना केली ते हृदयाचं रक्षण करतं, म्हणून आमचं वाईट दिसतंय. पुढच्या एका चाचणीत साध्या, औषध नसलेल्या गोळीशी तुलना झाली आणि सोंग उघडं पडलं. २००४ मध्ये औषध बाजारातून गेलं.

यातून मला एवढंच दिसतं की हितसंबंध कळले की कुठं उकरायचं ते कळतं. तिथं सोनं निघेल की साप, ते उकरल्यावरच. रॉयल्टी आहे म्हणून अभ्यास खोटा, असं म्हणायचं तर वेकफील्डचं काय करायचं? लस कंपन्यांवर खटला भरणाऱ्या वकिलांकडून त्यांना चार लाखांहून जास्त पौंड मिळाले होते, आणि निबंध येण्याआधीच, १९९७ मध्ये, गोवराच्या वेगळ्या लशीच्या पेटंटसाठी त्यांच्या नावे अर्ज दाखल झाला होता. पैसा दोन्ही काठांना असतो. पैशावरूनच निकाल द्यायचा तर दोन्ही कागद फाडावे लागतील आणि हातात उरेल फक्त आपल्याला आधीपासून वाटत असलेलं.

आणि 'सगळं दाबलं जातं' हे तरी कितपत खरं? एप्रिल २०२४ च्या अखेरीस बातमी फुटली की ॲस्ट्राझेनेकानं लंडनच्या न्यायालयात 'कबुली' दिली: लशीमुळे अत्यंत क्वचित रक्तात गुठळ्या होतात. कोव्हिशील्ड म्हणजे तीच लस. त्या आठवड्यात आमच्या वाड्यातल्या तीन जणांनी मला घाबरून विचारलं, आता काय करायचं? मी म्हटलं, काही नाही, ही गोष्ट तीन वर्षं जुनी आहे. ७ एप्रिल २०२१ ला युरोपच्या औषध संस्थेनं जाहीर सांगितलं होतं की अशा गुठळ्या अतिदुर्मीळ दुष्परिणाम म्हणून नोंदल्या जाव्यात; तेव्हा सुमारे ३.४ कोटी डोसांमागे २२२ नोंदी होत्या. त्याच महिन्यात डेन्मार्कनं ती लस थांबवली. ते कळलं कसं? ज्या वयात असल्या गुठळ्या एरवी जवळपास दिसतच नाहीत, त्या वयात त्या दिसायला लागल्या. पुन्हा तुलनाच. काकांना गुठळ्यांबद्दल जे ठाऊक आहे ते त्यांना याच 'विकल्या गेलेल्या' विज्ञानानं सांगितलेलं आहे. आपल्याकडे मात्र अशा नोंदींचा तपशील लोकांपुढे यायला वेळ लागला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला सांगावं लागलं की दुष्परिणामांचे अहवाल जाहीर करा. कबुलीची बातमी इथं बॉम्बसारखी फुटली त्याचं एक कारण हेच.

मुंबईत परळला ज्यांच्या नावाची संस्था आहे त्या वाल्देमार हाफकिनची गोष्ट मला या वादात नेहमी आठवते. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी केली, टोचलेले आणि न टोचलेले कैदी शेजारी-शेजारी ठेवून. त्याच साली पुण्यात रँडच्या अमदानीत गोरे सोजीर घराघरांत घुसून माणसं ओढून नेत होते. लोकांनी लशीवर संशय घेतला यात नवल काय? त्यांच्या दृष्टीनं सुई आणि सोजीर एकाच सरकारचे. मग ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना टोचलं आणि त्यातले १९ धनुर्वातानं मेले. सरकारी चौकशीनं दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला, हाफकिन यांची जागा गेली.

लेटरहेडनं निकाल द्यायचा तर विषय तिथंच संपला होता: एकीकडे सरकारी आयोग, दुसरीकडे एक परदेशी ज्यू संशोधक, ज्याच्याकडे डॉक्टरकीची पदवीही नव्हती. पण काहींनी आकड्यांकडे बघितलं. मेलेले सगळे १९ एकाच बाटलीतले, क्रमांक ५३-एन. उरलेले ८८ इतर बाटल्यांतले, त्यांना काही झालं नाही. त्या बाटलीचं बूच उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू आधीपासून बाटलीत असते तर उघडताक्षणी दुर्गंधी यायला हवी होती; उघडणाऱ्या डॉक्टरला तसा वास आला नव्हता. १९०७ मध्ये मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये लिहून हा आरोप खोडून काढला आणि हाफकिन निर्दोष ठरले. आयोग आणि रॉस दोघंही तज्ज्ञच होते. फरक पडला तो बाटली ५३-एन इतर बाटल्यांशेजारी ठेवून बघितल्यानं.

दोन प्रश्न एकाच पोत्यात भरले की काय होतं, हे २०१० मध्ये आपण पाहिलं. आंध्रातलं खम्मम आणि गुजरातमधलं बडोदा इथं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस मुलींना दिली जात होती. सात मुली गेल्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारनं प्रकल्प थांबवला. चौकशीत मृत्यूंची कारणं निघाली सर्पदंश, बुडणं, कीटकनाशक, मलेरिया अशी. पण त्याच चौकशीत हेही निघालं की संमतीपत्रांवर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. लशीनं मुली मेल्या का? नाही. मुलींशी नीट वागले का? तेही नाही. एक बाजू पहिलं उत्तर घेऊन निघून गेली, दुसरी दुसरं घेऊन. आदिवासी मुलींच्या आईबापांना न विचारता सुई टोचणं हा गुन्हा आहे असं मी मानतो, आणि तरी त्यावरून लस घातक ठरत नाही.

या थांबवण्याचं एक उपफळ आपल्या बार्शीत पिकलं. त्याच लशीचे किती डोस पुरेसे, याचा वेगळा मोठा अभ्यास देशात नऊ ठिकाणी चालू होता, त्यात बार्शीचं कर्करोग रुग्णालय आणि पुणेही होतं. सरकारच्या आदेशानं तोही मधेच थांबला. १७,७२९ मुलींना लस सुरू झालेली. कुणाचे तीन डोस झाले, कुणाचे दोन, हजारोंचा एकच. संशोधकांनी हातपाय गाळले नाहीत, वर्षानुवर्षं त्या मुलींचा पाठपुरावा केला. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: चिवट संसर्गापासून संरक्षण एका डोसनं ९५.४ टक्के, दोनांनी ९३.१, तिनांनी ९३.३. म्हणजे फरक नाहीच. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यात या आकड्यांचा वाटा मोठा. कुणी न आखलेली तुलना हाती लागली आणि गरीब देशांचा खर्च निम्म्यावर येण्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नाही, कारण ते कुणाच्याच बाजूच्या पीडीएफमध्ये बसत नाही.

मला ऐकवलं जाईल की सर, तुमचं ठीक आहे, तुम्हाला तक्ते वाचता येतात. शेतावर राबणाऱ्यानं शोधनिबंध कधी वाचायचा? रास्त आहे. पण दुसरा गट होता का, एवढं विचारायला इंग्रजी लागत नाही. कोंबडीखताचा नवा ब्रँड घेताना शेतकरी अर्ध्या वाफ्यात टाकतो, अर्ध्यात नाही, आणि मग बोलतो. दुकानदार म्हणाला 'पलीकडच्या गावात लई फरक पडला', तर तो विचारतो, "पाऊस किती होता तिकडं?" हाच माणूस लशीच्या बाबतीत पलीकडच्या गावच्या पावसाची चौकशी का करत नाही?

कच्च्या नोंदींचंही असंच. अमेरिकेत लशीनंतर काहीही झालं तर कुणीही नोंद करू शकेल अशी एक यंत्रणा आहे, आणि तिच्यातले हजारोंचे आकडे आपल्याकडे 'लशीनं इतके मेले' म्हणून फिरतात. एका डॉक्टरनं मुद्दाम नोंद केली होती की फ्लूची लस घेतल्यावर आपण 'इन्क्रेडिबल हल्क' झालो. ती नोंद स्वीकारली गेली होती. म्हणून ती यंत्रणा कचरा? तेही नाही. १९९८ मध्ये आलेल्या रोटाशील्ड या रोटाव्हायरसच्या लशीनंतर तान्ह्या बाळांचं आतडं आतल्या आत दुमडल्याच्या पंधरा नोंदी याच यंत्रणेत दिसल्या, मग तुलनेचे अभ्यास झाले, आणि १९९९ मध्ये लस बाजारातून काढली गेली. नोंद म्हणजे फिर्याद. फिर्याद घ्यायची सगळ्यांची, निकाल लगेच द्यायचा नाही.

महिन्याभरानं पुन्हा गावी गेलो. काकांना हे सगळं सांगायचा विचार होता, पण तिथं गेलेल्याचे वडील बसले होते. त्यांनी मला लशीबद्दल काही विचारलंच नाही. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला कागद काढला, मृत्यूचा दाखला, आणि डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर एकच ओळ होती: हृदयविकाराचा तीव्र झटका. "सर, हे बघून कळलं कसं त्यांना?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर आले तेव्हा पोरगा जाऊन तास झाला होता. शवविच्छेदन झालं नाही. घरच्यांनीच नको म्हटलं, आणि सकाळी दहाच्या आत उचलायचं होतं. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले होते २२.५ टक्के. मी चिठ्ठी परत घडी घालून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "कळलं नव्हतं, अण्णा. अंदाजानं लिहिलंय." त्यांनी मान हलवली आणि पिशवी पुन्हा खिशात ठेवली.